वायरबाईंची रजा

माझी मावशी फुलबाजारात कामाला आहे असं सांगितलं की ऐकणारा मनातल्या मनात तिला टोपलीशेजारी बसवून मोकळा होतो. तिनं आयुष्यात एक फूल विकलेलं नाही. फुलांनी तिला शिंका येतात. ज्या वायरींवरून फुलं विकली जातात त्या वायरी तिच्या ताब्यात आहेत, म्हणून बाजारात तिला सगळे वायरबाई म्हणतात. घरी आई तिला 'चिमे' म्हणते, ती आईला 'ताई' म्हणते, आणि बाजाराचे मॅनेजर तिला 'म्हणजे कसं, बाई' म्हणतात, कारण 'म्हणजे कसं'ची किक मारल्याशिवाय मॅनेजरांचं कुठलंच वाक्य सुरू होत नाही.

आधी बाजार कसा आहे ते सांगते. एक भलीमोठी शेड. एका टोकाला थंड खोली, तिथे फुलं येऊन थांबतात. दुसऱ्या टोकाला माल चढवायचा धक्का, तिथून फुलं जातात. मधे हॉल. हॉलमध्ये नाट्यगृहासारखी वर चढत गेलेली बाकं आणि समोरच्या भिंतीवर दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढं मोठं घड्याळ. त्यात वेळ दिसत नाही, भाव दिसतो. गुलाबांची गाडी समोर आली की काटा सगळ्यात चढ्या भावावर जातो आणि तिथून झरझर खाली यायला लागतो. बाकावरच्या प्रत्येक व्यापाऱ्यापुढे एक बटण. जो सगळ्यात आधी दाबेल त्याची फुलं, आणि काटा थांबला तो भाव. घाई केली तर महागात पडतं, वाट बघितली तर शेजारचा उचलतो. म्हणून सगळे बटणावर बोट ठेवून, श्वास रोखून बसलेले असतात, आणि एवढी माणसं असून हॉलमध्ये परीक्षेसारखी शांतता असते. कोणीच दाबलं नाही आणि काटा तळाला टेकला, तर ती गाडी सरळ मागच्या खड्ड्यात, खत व्हायला.

हे घड्याळ चालवतात ते घड्याळमास्तर. जन्मभर खाली येणारा काटा बघून त्यांचं बोलणंही तसंच झालं आहे. वाक्य वरच्या पट्टीत सुरू होतं आणि घसरत घसरत जमिनीला लागतं. 'वायरबाई, जरा खाली येता का' यातलं 'वायर' अख्ख्या शेडला ऐकू येतं आणि 'का' फक्त त्यांच्या मिशीला.

आता वायरी. थंड खोली, हॉल आणि धक्का या तिन्ही ठिकाणी एकेक डबा आहे, त्यात आजूबाजूच्या सगळ्या वायरी येऊन मिळतात. त्याला खरा शब्द स्विच, पण स्विच म्हटलं की लोक दिवा लावायला उठतात, म्हणून मावशी डबाच म्हणते. एक वायर तुटली तर दुसरी असावी म्हणून हे तीन डबे एकमेकांना गोल जोडलेले आहेत. आणि गोची इथेच आहे. गोल जोडलं की पहिल्यानं सगळ्यांसाठी सोडलेला निरोप दुसरा तिसऱ्याला सांगतो, तिसरा पुन्हा पहिल्याला सांगतो, आणि पहिल्याला वाटतं, अरे, ताजी बातमी. तो पुन्हा दुसऱ्याला. आमच्या नात्यात एका चुलत मावशीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची बातमी अशी फिरली होती. संध्याकाळी कोणीतरी खुद्द तिलाच फोन करून ती कळवली, आणि तोवर बातमीत तिचा पाय कापलेला होता. डब्यांमध्ये निरोप बदलत नाही एवढंच, पण फिरून फिरून इतका वाढतो की सगळ्या वायरी त्याच एका निरोपानं गच्च होतात आणि बाजार बसतो.

तसं होऊ नये म्हणून डब्यांना एक रीत शिकवलेली असते. ते आपसात बोलून एकाला मुख्य नेमतात. मग प्रत्येक जण मुख्याकडे जायचा एकच रस्ता उघडा ठेवतो आणि जास्तीचा रस्ता मिटून घेतो. मुख्य नाहीसा झाला की नवा मुख्य नेमायचा आणि रस्ते पुन्हा ठरवायचे. या रीतीचा एक जुना प्रकार आहे आणि एक नवा. नव्यात हे सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात उरकतं. जुन्यात मिटलेला रस्ता उघडायचा म्हणजे अर्धं-पाऊण मिनिट लागतं. आधी नुसतं ऐकायचं, मग कोण कुठे राहतं ते शिकायचं, आणि मगच तोंड उघडायचं. तोवर त्या रस्त्यावर मिट्ट शांतता. मावशी हे सांगते तेव्हा डब्यांचे आवाज काढते. थंड खोलीतला सर्दीनं नाकात बोलतो, धक्क्यावरचा हमालासारखा ओरडतो, हॉलमधला शिष्टासारखा घसा खाकरतो. आवाज काढायची खोड आमच्याकडे आईच्या बाजूनं आलेली आहे.

मावशीची खोली हॉलच्या वर, काचेची. तिथून तिला बाकं दिसतात आणि बाकांवरच्यांना ती दिसते. खोलीत एक टेबल, एक कप आणि एक संगणक, इतका जुना की त्याचा पंखा सुरू झाला की खिडकीतली कबुतरं उडतात. त्याच्या पोटात मावशीनं एक लुटुपुटूचा बाजार बांधला होता. त्यात खोटे व्यापारी, खोटं घड्याळ, खोटी बटणं. खऱ्या बाजारात काही बदल करायचा असला की ती आधी या खोट्या बाजारात करून बघायची. त्या खोट्यांना एकमेकांशी आणि बाहेरच्यांशी जोडायला त्या संगणकात एक डबाही होता, पण पत्र्याचा नाही, नुसत्या सॉफ्टवेअरचा. डब्याचं सोंग म्हणा. सोंग इतकं हुबेहूब की बाहेरचे तिन्ही डबे त्याला आपल्यातलाच समजून बोलायचे. मावशीनं काळजी म्हणून त्यालाही मुख्य नेमायची रीत लावून दिली होती. त्याला येत होता फक्त जुना प्रकार.

मधे बाजारानं तिन्ही डबे नवे घेतले. बसवायला आलेला माणूस घाईत होता. तो म्हणाला, तुमच्याकडे कोणीतरी जुन्या रीतीचं बोलतंय, सगळ्यांचं जुळावं म्हणून मी नव्यांनाही जुन्या रीतीवर ठेवलंय. मावशीला वाटलं, धक्क्यावरचं वजनयंत्र असेल, तेही तिच्याच वयाचं आहे. तिनं मान डोलावली आणि विसरली.

आणि त्यानंतर मावशीची रजा हा बाजारातला मोठा विषय झाला.

मावशी रजेवर जायची म्हणजे खोली आवरून जायची. कप धुवायचा, खिडकी लावायची, संगणक बंद करायचा आणि त्यावर आईनं पडद्याच्या उरलेल्या कापडातून शिवलेला अभ्रा घालायचा. एरवी ती तो चालूच ठेवून घरी जायची, कारण उठायला त्याला फार वेळ लागतो. दर दोन दिवसांनी तो मान टाकायच्या बेताला यायचा, मग संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर ती त्याला बंद करून पुन्हा उभा करायची. पण रजेवर जाताना वीज कशाला जाळा, असं तिचं म्हणणं.

पहिल्यांदा ती दात काढून घ्यायला निघाली. जिना उतरून फाटकाशी पोचते तोच मागून 'वायर' ऐकू आलं. सगळ्या बाकांवरची बटणं मेली होती. माणसं दाबतायत, काटा ऐकत नाही. पिवळ्या गुलाबांची अख्खी गाडी तळाला जाऊन आदळली. मावशी धावत वर. संगणकावरचा अभ्रा काढला, बटण दाबलं, खुर्चीत बसली. बटणं तेवढ्यात जिवंत झाली होती. ती पुन्हा एकदा मेली, आणि मग कायमची सुधारली. मॅनेजर म्हणाले, म्हणजे कसं, आजारी माणूस डॉक्टरला बघून एकदा जास्तच कण्हतो, तसं आहे ते. सगळ्यांना पटलं. मावशीला सगळ्यात जास्त पटलं.

पुढच्या रजेलाही तेच. त्याच्या पुढच्या, मावशीच्या नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या, डोळ्याच्या ऑपरेशनला, तेच. काका एका डोळ्यावर पट्टी बांधून एकटेच रिक्षानं घरी आले. बाजारात एव्हाना पक्कं ठरलं होतं की वायरबाईंशिवाय इथलं पान हलत नाही. व्यापारी बाकावर बसायच्या आधी मान वर करून काचेत बाई आहेत ना बघायचे, आणि मावशी त्यांना हात करायची, बाल्कनीतून करतात तसा. मॅनेजरांनी तिच्यासाठी फिरती खुर्ची मागवली. प्रत्येक बुडालेल्या रजेनंतर ती आमच्याकडे येऊन कोचावर पडायची आणि आपल्याला श्वास घ्यायला कशी फुरसत नाही ते सांगायची. आईचं शिवणकामाचं दुकान घरालाच लागून आहे. ती टाचण्या तोंडात धरून बोलते, त्यामुळे तिचं बोलणं दातांच्या फटीतून नेमकं तेवढंच बाहेर येतं. फार वाईट वाटलेलं दिसतंय हो तुझ्या तोंडावरून, म्हणायची.

आईला हे झोंबत होतं त्याला कारण होतं. दोघी बहिणींनी समुद्रावर जायचं कितीतरी वर्षं ठरवलं होतं. दोघीच, नवरे नाहीत, पोरं नाहीत, आणि तिथे जाऊन पोहायला शिकायचं. दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी बाजार आडवा यायचा. या वर्षी आईनं दुकानाला सुट्टीची पाटी लावली, आलेली कापडं परत केली आणि दोघींचे पोहायचे कपडे शिवून ठेवले. मग मावशीला बोलावून तोंडातल्या टाचण्या काढल्या. आई टाचण्या काढून बोलते तेव्हा आम्ही सगळे खोलीतून बाहेर जातो, पण दाराला कान लावतो.

"चिमे, मी तुझ्यावर रागावलेली नाही," ती म्हणाली. "पण या खेपेला नाही आलीस तर मी एकटी जाईन. आणि पुढे कधी विचारणार नाही."

मावशीनं ते मनावर घेतलं. तिनं मॅनेजरांना सांगितलं आणि मॅनेजरांनी रजेची रंगीत तालीम ठेवली. म्हणजे बाईंनी खोटंखोटं रजेवर जायचं आणि काय होतं ते बघायचं. पहिल्या तालमीला मावशी अर्धी सकाळ जिन्याखाली बसली. बाजार सुरळीत. दुसऱ्या दिवशी समोरच्या चहाच्या दुकानात बसली. सुरळीत. मग आणखी धीर करून दुपारपर्यंत घरी जाऊन झोपली. तरी सुरळीत. घड्याळमास्तर म्हणाले, 'आता बिनघोर जा', आणि त्यातलं 'जा' जमिनीत गेलं.

निघायचा दिवस आला. समुद्राकडची बस दुपारची होती आणि बसस्टँड बाजाराच्या मागेच. आईचा कोणावरही विश्वास उरलेला नव्हता. ती दोन्ही बॅगा घेऊन सरळ बाजारात आली आणि मावशीच्या दारात उभी राहिली. मावशीनं कप धुतला, खिडकी लावली, संगणक बंद करून अभ्रा घातला. व्यापाऱ्यांना काचेतून हात केला. दोघी जिना उतरल्या, फाटकाशी पोचल्या.

'वायर' ऐकू आलं.

हॉलमध्ये बटणं मेलेली, काटा घसरतोय, गुलाब चाललेत खड्ड्यात. मॅनेजर कपाळाला हात लावून म्हणत होते, म्हणजे कसं, त्याला कळतं. खरं जाणं वेगळं आणि खोटं जाणं वेगळं, त्याला बरोबर कळतं. मावशी उलटी वळून धावत सुटली. आई दोन्ही बॅगा उचलून तिच्यामागे, कारण बॅगा खाली ठेवल्या तर चिमी हातची जाणार अशी तिला खात्री होती. निम्मा जिना चढून होतो न होतो तोच खालून बटणांचा टकटक आवाज आला आणि पाठोपाठ मॅनेजरांच्या टाळ्या. म्हणजे कसं, बाई आल्या आणि चाललं.

आई जिन्यातच थांबली. खाली वाकून ती म्हणाली की बाई अजून आलेल्या नाहीत, बाई इथे जिन्यात आहेत. कोणी ऐकलं नाही. यश आलं की लोकांना ऐकू यायचं बंद होतं.

वर मावशीनं नेहमीप्रमाणे अभ्रा काढला आणि नक्की काय बिघडलं ते बघायला संगणकाचं बटण दाबलं. तो गुरगुरला, कण्हला, कबुतरं उडाली, पडद्यावर अक्षरं चढायला लागली. आई एका बॅगेवर बसून घामाघूम बघत होती. पडदा पुरता उजळला आणि त्याच क्षणी खालची टकटक बंद पडली.

"चिमे," आई म्हणाली, "याचा खालच्यांशी काय संबंध?"

"काही नाही. हा नुसता माझा आहे."

"मग हा उठला की ते का झोपतात?"

मावशी तिच्याकडे बघत राहिली. आई सांगते, ती अशी फक्त लहानपणी एकदा बघत होती, शाळेत जायला निघाली आणि कळलं की आज रविवार आहे. मग तिनं पडद्यावर काहीतरी टाइप केलं. डबे सध्या कोणाला मुख्य मानतात ते त्यांना विचारता येतं. उत्तर म्हणून एक लांबलचक नंबर आला. मावशीनं तो वाचला, टेबलाखाली शिरली, संगणकाच्या पाठीवर वायर खोचतात तिथे चिकटवलेला नंबर वाचला आणि टेबलाखालून बाहेरच आली नाही.

तिथूनच ती बोलली. मुख्य निवडताना प्रत्येक डब्याला एक मानाचा आकडा असतो, लहान आकडा म्हणजे मोठा मान. कारखान्यातून सगळ्यांना एकच आकडा लावून येतो आणि माणसानं तो बदलायचा असतो. बदलला नाही तर बरोबरी होते. मग प्रत्येकाच्या अंगावर जन्मतः छापलेला नंबर बघतात आणि ज्याचा लहान तो मुख्य. आणि जो जितका जुना तितका त्याचा नंबर बहुतेक वेळा लहान. मावशीनं आकडा बदललेला नव्हता. नव्या डब्यांचाही कोणी बदलला नव्हता.

आईनं बॅगेवरूनच वाकून त्या संगणकाकडे बघितलं. म्हणजे वयानं मोठा म्हणून अख्ख्या बाजाराचा कर्ता हा, ती म्हणाली. मावशी म्हणाली, हो. याला काही येतं का, आईनं विचारलं. मावशी म्हणाली, याचा पंखासुद्धा धड फिरत नाही. आई म्हणाली, मग आपल्याकडच्यापेक्षा काही वेगळं नाही.

मावशी हसली नाही. तेव्हा आईला कळलं की टेबलाखाली काय चाललं आहे. मावशी रोजच्या रोज नाही, फक्त रजेच्या दिवशीच, आणि तेही लिलाव चालू असताना, बाजाराचा मुख्य बंद करून जात होती. तालमीला तिनं तो चालू ठेवला, म्हणून तालमी पार पडल्या. परत येऊन ती तो चालू करायची, की पुन्हा निवडणूक, पुन्हा शांतता, तीच डॉक्टरला बघून कण्हणारी. मधे नुसतं पाऊण मिनिट कोणी काही न करता बसलं असतं तरी सगळं आपोआप सुरू झालं असतं. मावशीशिवाय बाजाराचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते या खटाऱ्यावाचून. आणि खाली सगळे तिच्या नावानं टाळ्या वाजवत होते, कारण बटणं पुन्हा जिवंत झाली होती.

आई बॅगेवरून उठून टेबलापाशी जमिनीवर बसली. नवी साडी होती, तरी बसली.

"हे असंच राहू दे," ती हळूच म्हणाली. "चालू ठेव आणि चल. कोणाला सांगायची काही गरज नाही."

मावशी म्हणाली की तो दोन दिवसांत मान टाकेल. मग फोन येईल, आणि मला यावं लागेल.

"मग दोन दिवस जाऊ. दोन दिवसांत मला निदान तरंगता येईल."

मावशीनं नंतर मला सांगितलं, आई भांडली असती तर ती जागची हलली नसती. बहिणीशी भांडायची तिची तयारी जन्मापासूनची आहे. पण ताईनं आठ दिवसांचे दोन दिवस करून घेतले, तेही बहिणीचा मान राहावा म्हणून, हे तिला सोसवेना. ती बाहेर आली, केसातली कोळिष्टकं झटकली आणि जिना उतरून लिलाव चालू असताना सरळ घड्याळापाशी गेली. फुलांच्या इतक्या जवळ ती सहसा जात नाही. दोनदा शिंकली आणि मास्तरांना म्हणाली, घड्याळ थांबवा.

मास्तरांनी मॅनेजरांकडे बघितलं. मॅनेजर म्हणाले, म्हणजे कसं बाई, लिलाव असा मधेच थांबत नसतो.

"थांबतो," मावशी म्हणाली. "इतके दिवस मीच थांबवत होते."

हॉलमध्ये आधीच परीक्षेची शांतता, त्यात हे शेवटच्या बाकापर्यंत गेलं. मग तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, डब्यांचे आवाज न काढता. रजेवर जाताना मी माझा संगणक बंद करते. तो तुम्हा सगळ्यांचा मुख्य होऊन बसलाय आणि हे मला आज कळलं. आता हॉलमधल्या डब्याला मुख्य करते, म्हणजे पुन्हा असं होणार नाही, पण त्यासाठी शेवटचं एकदा सगळं थांबेल. मॅनेजरांनी तिला सावरून घ्यायचा प्रयत्न केला. म्हणजे कसं, तुमच्याशिवाय चालत नव्हतं हे तरी खरंच ना, असं त्यांनी अगदी आशेनं विचारलं. त्यांनी खुर्ची मागवलेली होती. मावशी म्हणाली, नाही. तेवढ्यात वरच्या बाकावरून कोणीतरी विचारलं की मग ते पिवळे गुलाब खड्ड्यातून परत मिळतील का, आणि बाकं हसली. मावशीचे कान लाल झाले, पण ती हलली नाही.

मास्तरांनी घड्याळ थांबवलं. काटा मधेच, कुठल्याही भावावर नाही असा उभा राहिला. मावशीनं हॉलच्या डब्याला सगळ्यात लहान मानाचा आकडा दिला आणि आपल्या संगणकातल्या सोंगाला त्या रीतीतून कायमचं बाहेर काढलं. आता तू मुख्य तर नाहीसच, उमेदवारही नाहीस. मग सगळे थांबले. व्यापाऱ्यांनी कितीतरी वर्षांत पहिल्यांदा लिलावाच्या मधे बटणावरून बोट उचललं. एकानं शेजाऱ्याला विचारलं, तुझा मुलगा काय करतो हल्ली. शेजारी म्हणाला, तो इथेच खाली बसतो, तिसऱ्या बाकावर, रोज तुझ्या आधी बटण दाबतो. टकटक परत सुरू झाली तेव्हा दोघं अजून बोलतच होते.

जुन्या रीतीचं बोलणारा आता कोणी उरला नव्हता, तेव्हा मावशीनं तिन्ही डब्यांना नव्या रीतीवर आणलं. शेवटी तिनं मॅनेजरांना वर पाठवलं. म्हणाली, तुम्ही स्वतः जाऊन माझा संगणक बंद करा. मॅनेजर इतके हळू चढले की जणू वर कोणी झोपलंय. काचेतून दिसलं, त्यांनी बटण दाबलं आणि डोळे गच्च मिटले. खाली एक गुलाबांची गाडी विकली गेली. मग दुसरी. कोणाला काही कळलंही नाही. मावशी बराच वेळ बाकांकडे बघत होती, पण वर काचेकडे आता कोणीच बघत नव्हतं. आईनं एक बॅग तिच्या हातात दिली आणि दुसऱ्या हातानं तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

बस मिळाली. वाटेत मावशीनं फोन सारखा बघितला. आवाज बंद तर नाही ना म्हणून आईला एकदा फोन लावायला सांगितला. आईनं शेजारी बसून लावला. वाजला. मग मावशी खिडकीकडे तोंड करून बसली.

समुद्राचं पुढचं आईनं सांगितलेलं आहे. पोहायचे कपडे अंगावर चढल्यावर आईची भीती गेली, पण मावशी पाण्याला पाय लावायला तयार नाही. लाट आली की मागे, गेली की दोन पावलं पुढे, पुन्हा मागे. शिकवणारी बाई गळ्यातली शिट्टी चघळत वाट बघायची. असे दोन-तीन दिवस गेले. एका सकाळी मावशी अशीच वाळूत उभी असताना फोन वाजला. मॅनेजर होते. मावशीचा चेहरा असा उजळला की आईला पाण्यात उभ्या उभ्या धडकी भरली. आता ही बॅग भरणार.

मॅनेजर म्हणाले, म्हणजे कसं बाई, तुम्ही तिकडे काळजी करत असाल म्हणून फोन केला. इथे सगळं उत्तम चाललंय.

मावशीनं विचारलं, उत्तम म्हणजे किती उत्तम.

मॅनेजरांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि सांगितलं, म्हणजे कसं, आधीपेक्षा बरं.

मावशीनं फोन शिकवणाऱ्या बाईच्या हातात कोंबला. आधीपेक्षा बरं म्हणतो ताई, तो मला आधीपेक्षा बरं म्हणतो, असं म्हणत ती आईला हे सांगायला निघाली. आई होती कमरेएवढ्या पाण्यात. मावशी बोलत बोलत, हातवारे करत, मॅनेजरांचा आवाज काढत पाण्यातून तरातरा चालत गेली आणि छातीपर्यंत पाणी आल्यावर मग खाली बघितलं. आई हसता हसता खारं पाणी गिळून बसली होती. मावशी म्हणाली, हसू नकोस, आधी मला धर. आईनं धरलं. मावशीनं पाय उचलून बघितले, आणि ती तरंगली.